परातीतलं थांबलेलं पाणी

समजा, तुम्ही आत्ता माझ्या शेजारी उभे आहात. चपला काढून ठेवा. पायांखाली काळी माती आहे, थंडीतल्या सकाळची, गारेगार. खाली बघा, मातीला भेगा पडल्या आहेत. तुमच्या दप्तरातली पट्टी त्या भेगेत उभी सोडली तर पुन्हा हाती लागायची नाही. समोर शाळेच्या दोन खोल्या आहेत, इतक्या नव्या की भिंतींना अजून चुन्याचा वास येतो. शाळेमागे बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि कुंपणात आमची बाग. वांगी, मिरच्या, झेंडू, आणि कोपऱ्यात गुडघ्याएवढं कढीपत्त्याचं रोप. त्या बागेत तुमच्याच वयाची पोरं घोळका करून उभी आहेत आणि माझ्याशी वाद घालताहेत. ऐका.

"बाई, तेवढं शेड म्हणू नका," उद्धव म्हणाला. "शेडात आम्ही दोन उन्हाळे काढलेत. शेड म्हणलं की माझी टाळू तापायलीय."

"मग काय म्हणायचं?"

"खोपी म्हणा की."

तर खोपी. आमची खुरपी, कुदळी, टोपल्या, झाऱ्या तोवर वर्गातच पडलेल्या असायच्या. उद्धव एकदा पाढे म्हणता म्हणता खुरप्यावर बसला आणि पुढचे काही दिवस उभ्यानंच शिकला. तेव्हा बागेतच एक लहानशी खोपी उभी करायची, असं आम्ही ठरवलं. पत्रे होते, लोखंडी अँगल होते. नवी घरं मिळेपर्यंत गावानं ज्या शेडांत दिवस काढले, ती मोडल्यावर ते सामान शाळेमागे येऊन पडलं होतं. अडलं होतं ते पायाशी. खोपी उभी कशावर करायची?

जुनं गाव ओढ्यापलीकडे होतं. भूकंपात ते सगळं खाली आलं होतं. मी तिथली नव्हे. नवं गाव वसल्यावर माझी तिथे बदली झाली, त्यामुळे पुष्कळ गोष्टी मला उशिरा कळत. मी सहज म्हणून गेले, "ओढ्यापलीकडे घडीव दगड पडलेत की. गाडीभर आणले तर पाया होईल."

पोरांनी माझ्यावरची नजर काढली. कुणी नखं बघायला लागलं, कुणी झेंडू.

"तिकडचा दगड इकडं आणत न्हाईत, बाई," उद्धव हळूच म्हणाला. "लाकूड आणतेत, दारं आणतेत, भांडी आणतेत. दगड न्हाई."

गावानं असं कुठे बसून ठरवलं नव्हतं. पण नंतर मी मुद्दाम पाहिलं, नव्या गावात जुन्या गावाचा एक दगड नव्हता. चुलींनासुद्धा विटा होत्या.

मग ज्याला जे सुचेल ते तो सांगू लागला. उद्धव म्हणाला, जमीन सारखी करा, विटा मांडा, झालं. कुणी म्हणालं, अँगल सरळ मातीतच ठोका. बागेच्या कडेला रसूल मिस्त्री बिडी विझवत उभे होते. नव्या गावातली अर्धी घरं त्यांच्या हातची. ते हसून म्हणाले, "पोरांनो, एक काँक्रीटचा चौकोन ओतून देतो. तुमच्या नातवंडांची खुरपी पण त्याच्यावर ऱ्हातील."

"खाली मुरूम पायजे," मागून एक आवाज आला.

ती सोजर होती. तिसरीतली. अंगानं काटकुळी, केस कायम विस्कटलेले, आणि बोटांत माती. बोलायची इतकं कमी की ती बोलली की पोरं वळून बघत.

"का गं, मुरूम कशाला?" मिस्त्रींनी विचारलं.

"काळी माती फुगती. मुरूम फुगत न्हाई." एवढं बोलून ती पुन्हा मिरच्यांत वाकली.

आता कोण खरं? मी शिक्षिका. मी निवाडा देऊन टाकला असता तर पोरांनी मान हलवली असती आणि संध्याकाळपर्यंत विसरून गेली असती. मी म्हटलं, "आपण मातीलाच विचारू. चारही पाये लहान लहान करून बघायचे. रोज आजूबाजूला पाणी ओतायचं, मग सुकू द्यायचं, पुन्हा ओतायचं. जो हलणार नाही, तो आपला."

"आणि हलला ते कळणार कसं?" उद्धव म्हणाला. "माती काय ओरडती का, मी हलले म्हणून?"

"प्रत्येकावर एक ताटली ठेवायची, काठोकाठ पाणी भरून. पाया कलला की पाणी एका बाजूनं सांडेल."

पोरांना हे फार आवडलं. फक्त सोजर मिरच्यांतून उठून उभी राहिली आणि माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, तिलाही आवडलं.

सोजरबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. ती वर्गात बसत नसे. वर्गाच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर बसे. पाटी मांडीवर, पाठ बाहेरच्या भिंतीला. पाऊस असो, वारा असो, ती आत येत नसे. तिचे आई-वडील आणि धाकटा भाऊ भूकंपात गेले होते. ती दाराच्या चौकटीखाली सापडली होती, जिवंत. तेव्हापासून कुठल्याच छपराखाली तिचं पाऊल पडलं नव्हतं. ती चुलत्याकडे राहायची. भानुदास नाना त्यांचं नाव. ते त्या वेळी शेतात राखणीला होते आणि त्यांची बायको माहेरी, म्हणून ती दोघं उरली.

आम्ही पाये करायला घेतले त्याच दिवशी शाळा सुटताना नाना आले. टोपी हातात घेऊन बागेच्या काट्यांपाशी उभे राहिले.

"बाई, एक सांगून ठेवतो. थंडी सरली की पोरीला न्यायला गाडी येणार हाय. लांबच्या संस्थेची. तिथं डॉक्टर हायत, असल्या लेकरांचं बघतेत."

"तुम्हाला पाठवायचंय तिला?"

"मला?" नानांनी हातातल्या टोपीची घडी घातली. "भावाची एवढी एकच खूण हाय माझ्याजवळ. पण पोर अंगणात पडती. झोपती म्हणत न्हाई मी, पडती. डोळे टक्क उघडे. दव पडतंय अंगावर, गोधडी भिजती. घरात ये म्हणलं की उंबऱ्याला मिठी मारून बसती. खूण म्हणून तिला अंगणात गारठू देऊ का मी?"

मी हातातली झारी खाली ठेवली.

"तुमच्या या बागंत जीव रमतोय तिचा," ते म्हणाले. "ही खोपी झाल्यावर त्यात जरी ती आत गेली ना, तर मी गाडी परत धाडीन. लहान का असंना, छप्परच हाय ते."

त्या दिवसापासून खोपी माझ्यासाठी खुरप्यांची राहिली नाही.

उद्धवच्या टोळीनं विटा मांडल्या. दुसऱ्या टोळीनं अँगल ठोकून वर फळी बसवली. मिस्त्रींनी हौसेनं काँक्रीटचा चौकोन ओतला आणि त्यावर स्वतःच्या बोटानं चांद काढला. मुरमाचा पाया सोजरच्या वाट्याला आला. तिच्या टोळीत कुणी नव्हतं, तिला कुणी लागतही नव्हतं. ती काळी माती खणत गेली, कमरेइतकी खाली, तेव्हा तळाशी तांबूस मुरूम लागला. मग ओढ्याकाठचा मुरूम टोपलीनं आणून तिनं खड्डा भरला. धुम्मस तिला उचलेना, म्हणून तेवढं मिस्त्रींनी करून दिलं. धुम्मस म्हणजे जमीन ठोकायचा जड लाकडी ठोकळा, वर दांडा असलेला. ठोकताना मिस्त्री म्हणाले, "माझ्याच विरोधात मलाच राबवून घ्यायलीस की गं." सोजर हसली नाही, पण तिनं त्यांना प्यायला पाणी आणून दिलं. वर आम्ही एक शहाबादी फरशी बसवली.

दुसऱ्या दिवशी पोरांनी घरून ताटल्या आणल्या. सोजरनं आणली ती पितळी परात. भाकरीचं पीठ मळतात तसली, जुनी. तिच्या बुडाला पोचा आलेला होता आणि तो आतल्या बाजूला वर आला होता. पाणी ओतल्यावर तो उंचवटा पाण्यातून डोकं काढून राहिला.

"बाई, बेट," उद्धव म्हणाला. "परवा भूगोलात झालं ते."

सगळी हसली. मीही त्या परातीवर बेट आणि द्वीपकल्प शिकवून घेतलं. सोजरनं एक बोट बेटावर ठेवलं आणि काढून घेतलं.

मग रोजचं सुरू झालं. सकाळी हातपंपावरून बादल्या, पायांभोवती पाणी, मग ऊन, मग पुन्हा पाणी. विटांचा पाया आधी गेला. मधल्या विटा वर आल्या, कडेच्या तिरप्या झाल्या, ताटली घसरून उद्धवच्या पायावर पडली. मग फळीचा एक अँगल वाकू लागला. उद्धव म्हणाला, "बघा बाई, ह्यो पाया पडायलाय." स्वतःचा पाया पडला त्याचं दुःख त्याला दुसऱ्याचा पडल्यावर कमी झालं.

काँक्रीट बरेच दिवस टिकून राहिलं. मिस्त्री रोज येता-जाता डोकावायचे, मिशीवरून हात फिरवायचे. एका सकाळी त्याच्यावरचं पाणी एका काठानं सांडलेलं दिसलं. चौकोन एका अंगानं उचलला गेला होता, आणि पुढच्या आठवड्यात बरोबर चांदातून चीर गेली. मिस्त्री उकिडवे बसले, चिरेत काडी घालून पाहिली. "मातीनं पाठीवर घेतलंय ह्याला," ते म्हणाले. "मोठ्या घराला मी खाली खणतोच की. इथं म्हणलं, खुरप्यांसाठी कोण खणतंय." मग सोजरच्या परातीकडे वळून म्हणाले, "जिंकलीस गं माय."

परातीतलं पाणी काठाला चारी बाजूंनी सारखं होतं.

या सगळ्या दिवसांत सोजर माझ्याआधी बागेत आलेली असायची. परातीसमोर गुडघ्यांना मिठी मारून बसलेली. मधल्या सुट्टीत तीच, शाळा सुटल्यावर तीच. दुसऱ्या ताटल्यांकडे तिनं कधी ढुंकून पाहिलं नाही. डबा खातानाही तिची नजर पाण्यावर असायची, घास चाचपून तोंडात जायचा. मी मनात म्हणत होते, पोरीला विज्ञानाची गोडी लागली. एकदा नानांना तसं म्हणालेही. ते म्हणाले, "असंल बाई. पर डोळे बघा तिचे." डोळे खोल गेले होते.

पाया ठरला. सोजरच्या फरशीभोवती तसंच खणून, तसाच मुरूम ठोकून आम्ही खोपीएवढी जागा केली. फरश्या बसल्या, अँगल बसले, त्यावर पत्रे चढले. दार नव्हतं, नुसती चौकट. रविवारी दुपारी काम संपलं. पोरं खुरपी-कुदळी आत लावायला लागली. सोजर चौकटीबाहेर उभी राहून एकेक वस्तू आतल्या हातांत देत होती. झारी, टोपली, फावडं. मी आत उभी होते. म्हटलं, "सोजर, हे फावडं मला पेलत नाही गं. जरा आत येऊन धर."

ती उद्धवला म्हणाली, "तू धर."

पोरं घरी गेली. मिस्त्री बाहेर आपलं सामान आवरत होते. तेव्हा सोजरनं परात उचलून आणली, पाण्यानं भरलेली. चौकटीबाहेर पालथी पडली, आणि हात लांब करून, एक थेंब न सांडता, परात आत फरशीवर सरकवली. अगदी मधोमध. मग मागे सरकून बाहेर मातीत बसली, गुडघ्यांना मिठी मारून.

"सोजर, आता पाया ठरला ना? आता पाणी कशाला?"

"असू द्या बाई."

"अगं, खोपी हलणार नाही. तूच सिद्ध केलंस की."

तेवढ्यात नाना आले, पोर जेवायला आली नाही म्हणून शोधत. चौकटीशी आले, आत वाकून बघितलं, आणि तिथेच थबकले.

"ही परात हितं कुणी आणली?"

"तुमच्याकडचीच आहे ना?" मी विचारलं.

"आमची न्हाई. माझ्या भावाची. त्यांच्या घरातली हीच एक वस्तू हाती लागली. मी दाराबाहेरच्या दिवळीत ठेवली व्हती. लई दिस झाले दिसंना, म्हणलं चोरानं नेली. म्हणलं नेऊ दे, मला तर बघवत बी न्हाई." ते चौकटीला टेकून हळूच खाली बसले. "सोजर, का आणलीस गं?"

"राखणीला."

"कशाच्या राखणीला?"

"पाण्याच्या." तिचा आवाज अगदी साधा होता, पाढे म्हणताना असतो तसा. वडिलांना ती अण्णा म्हणायची. "अण्णांनी सांगितलं व्हतं. परातीत पाणी ठिवायचे. म्हणायचे, पाणी हललं की मला हाक मार. तू आपली राखणदार."

भूकंपाच्या आधी बरेच महिने त्या गावात जमीन अधूनमधून गुरगुरायची. भांडी वाजायची, मग थांबायची. लोकांना सवय झाली होती. ते मला ठाऊक होतं. हे नव्हतं.

"मग?" मी विचारलं.

"मग मी झोपले." ती अजून पाण्याकडेच बघत होती. "रोज जागी ऱ्हायचे मी. त्याच दिशी झोपले. पाणी हललं असंल, अन् म्या हाक मारली न्हाई."

बाहेर मिस्त्रींच्या हातातली थापी वाजायची थांबली.

नाना काही बोलायला गेले. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला. मलाही बोलायचं होतं. तुझा काय दोष, तू केवढीशी होतीस, असलं सगळं जिभेवर आलं होतं. पण ही पोर सांगितलेल्यावर विश्वास ठेवणारी नव्हती. तिनं मिस्त्रींच्या शब्दावर काँक्रीट घेतलं नव्हतं. तिला पाण्यात दिसावं लागत होतं.

मी म्हटलं, "सोजर, एक बघायचं का? बघ, पाणी आधी हलतं का?"

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"तू इथूनच हात लांब कर, हा अँगल धर, घट्ट. डोळे पाण्यावर ठेव. मिस्त्री खोपीमागे धुम्मस मारतील. कधी मारतील ते सांगणार नाहीत. तू एवढंच सांगायचं, आधी काय हललं? पाणी, का तुझ्या हातातला अँगल?"

मिस्त्री काही न विचारता धुम्मस घेऊन मागे गेले. आम्ही वाट बघत राहिलो. एक साळुंकी कुंपणावर येऊन गेली. मग जमिनीत धप्प झालं. परातीत गोल गोल लहर उठली, पत्रा थरथरला.

"काय आधी?"

"परत मारा."

पुन्हा धप्प.

"परत," ती म्हणाली.

मिस्त्रींनी आणखी बऱ्याच वेळा धुम्मस मारला. जवळून, लांबून, हळू, जोरात. सोजरच्या बोटांची पेरं पांढरी झाली होती अँगल धरून. शेवटी ती म्हणाली, "संगंच."

"नक्की?"

"संगंच हलतंय. पाणी बी, अँगल बी."

"मग तू जागी असतीस, आणि पाणी हललेलं तुला दिसलं असतं, तर भिंत तोवर थांबली असती का?"

तिनं अँगलवरचा हात काढून घेतला. उन्हं पत्र्यावरून खाली उतरली होती. मग तिनं मान हलवली. न्हाई. पण तिचा चेहरा सुटला नाही, उलट आणखी आवळला गेला.

"मग अण्णांनी कशाला ठिवली परात?" ती नानांना म्हणाली. "त्यांना ठावं नव्हतं का? राखणदार कशाला म्हणले मला?"

नानांनी टोपी काढली. तोंडावरून फिरवली. मग ते बोलले, आणि सगळा वेळ तिच्याकडे बघून बोलले.

"तू झोपावीस म्हणून गं माय. मी व्हतो तिथं, कितीदा जेवायला व्हतो. भांडी वाजली की तू भ्यायचीस. आईच्या लुगड्यात शिरायचीस, रातभर झोपायची न्हाईस. तुझी माय म्हणायची, हिला काहीतरी सांगा हो, माझा डोळ्याला डोळा लागत न्हाई. मग तुझ्या बापानं ही परात आणून ठेवली. म्हणायचा, बघ सोजर, पाणी थांबलंय का? तू म्हणायचीस, थांबलंय. मग झोप, म्हणायचा. राखणदार बी म्हणायचा. तुला वाटावं, आपल्या हातात कायतरी हाय. जागी ठेवायला न्हाई. झोपवायला."

"अन् मी झोपल्यावर?"

"तू झोपलीस की परात उचलायचा, पाणी भाईर डोणीत ओतायचा, गुरांना. अन् परात पालथी घालायचा, चुलीपाशी. सकाळी तुझ्या मायला तिच्यातच पीठ मळायचं असायचं की." नानांनी परातीकडे बोट केलं. "त्या दिशी बी तसंच केलं असंल त्यानं. रोजचंच व्हतं."

"असंल?" सोजर म्हणाली.

नाना माझ्याकडे बघायला लागले. त्यांच्याजवळ याहून जास्त काही नव्हतं. माझ्याजवळही नव्हतं. मी परातीकडे पाहिलं, आणि पाण्यातून डोकं काढून बसलेलं ते बेट मला दिसलं.

"सोजर," मी म्हटलं, "हा पोचा कशानं आला?"

"दगडानं," नाना म्हणाले. "दगडाखालीच सापडली."

"दगड कुठून पडला असेल? वरून, का खालून?"

"वरून," सोजर म्हणाली.

"परात आत्ता आहे तशी सरळ असती, आणि वरून दगड पडला असता, तर पोचा कुठल्या बाजूला गेला असता?"

ती पालथी पडली, हात लांब करून परात स्वतःकडे ओढून घेतली. पाणी हिंदकळलं, थोडं फरशीवर सांडलं. तिनं ते सांडू दिलं. बोट पाण्यात घालून तिनं बेट चाचपलं. मग दुसरा हात परातीखाली घातला आणि खालून चाचपलं. खाली खळगा होता. तिनं दोन्ही बोटं एकाच जागी आणली, वर एक, खाली एक, मध्ये पितळेचा पत्रा. तशीच बसून राहिली. तिचे ओठ हलत होते, हिशेब करताना हलतात तसे.

"खालून आलाय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पर दगड वरून आला."

"मग परात कशी होती?"

"पालथी."

तिनं बोट पाण्यातून काढलं.

"पाणी नव्हतं तिच्यात," सोजर म्हणाली. "अण्णांनी ओतून टाकलं व्हतं."

ती रडेल असं मला वाटलं होतं. नाना रडत होते, टोपीत तोंड घालून. मिस्त्री खोपीमागून आलेच नाहीत, तिथेच धुम्मसावर बसून राहिले. आज ते नाहीत, नानाही नाहीत, आणि ती दुपार तिथे पाहिलेल्यांपैकी आम्ही दोघीच उरलो आहोत, मी आणि सोजर.

सोजर उठली. परात दोन्ही हातांत धरून, पाण्याकडे न बघता, ती बागेच्या कोपऱ्यापर्यंत गेली. कढीपत्त्याच्या बुडाशी तिनं सगळं पाणी ओतलं, हळूहळू, मुळांना बसेल असं. मग परकराच्या टोकानं परात आतून पुसली, बाहेरून पुसली. परत आली. चौकटीशी थांबली. नानांनी हात पुढे केला, तो तिनं पाहिला पण धरला नाही. आधी एक पाय आत ठेवला, फरशी चाचपली, मग दुसरा. वर पत्र्याकडे एकदा पाहिलं. खुरप्यांच्या शेजारी रिकामी पोती घडी करून ठेवली होती, तिथवर गेली, वाकून परात फरशीवर पालथी घातली आणि तिच्या बुडावर तळहात टेकवला. मग पोत्यांवर डोकं ठेवून, हात तसाच परातीवर असताना, ती कुशीवर वळली आणि झोपली.